नमुना क्रमांक तीन

नमुना तीन पंचफुला इंगोलेच्या टोपल्यातला.
मानोऱ्यापासून बारा किलोमीटर, पुढे गाडरस्ता,
मग एक निंब, त्याखाली सात बाया
आणि सात दगड, एका तालात कधीच न पडणारे.

वहीत लिहिलं: बिब्बा. सुकं फळ. काळं, चकाकी आहे.
आकार हृदयासारखा. हे पुस्तकातलं.
पंचफुलानं बोटात धरून पाहिलं.
"कायचं हृदय व बाई,
म्हशीच्या डोयावानी हाय."
खोडलं नाही. समासात लिहून ठेवलं.

तिनं मूठभर बादलीत सोडले.
"बुडला थो औषधाचा.
तरंगला थो चुलीत बी घालू नोको,
धुपटानं तोंड सुजते."
मी दोन्ही घेतले, वेगळ्या पिशव्यांत,
वर चिठ्ठ्या: ३-बु, ३-त.
गोडंबी देत होती मूठभर. खाल्ली चारच दाणे.

कॉलेजात भट्टी सहाशेवर.
एकूण राख. आम्लात न विरघळणारी राख.
(तिकडे राख हाताला फासतात, फोडायला बसण्याआधी.
तिचं मूल्य कोणी काढलेलं नाही.)
परकीय द्रव्य शेकडा दोनच्या आत असावं:
चिमट्याला लागलं ते
काडी, खडा, काकणाचा हिरवा तुकडा,
एक लांब केस.
काकणाचं वजनही घेतलं.

सॉक्सलेट रात्रभर. थेंब, थेंब, थेंब,
मग एकदम घुटकन रिकामं, पुन्हा पहिल्यापासून.
गावंडे सर दारातूनच म्हणाले,
ग्लोव्हज दोन घाला, एकावर एक.
घातले. तरी मनगटाशी, रबर सरतं तिथं,
तिसऱ्या दिवशी उठली फोडांची ओळ.
चिंचेचा पाला कुठून आणणार होस्टेलवर.
खोबरेल लावून जागी राहिले.

३-बु मध्ये तेल ३-त च्या जवळजवळ दुप्पट.
सरांनी तीनदा करायला लावलं, तीनदा तेच आलं.
संदर्भसूचीत बादली कशी लिहायची
ते मात्र दोघांनाही कळेना.

मग प्लेट. अंधाऱ्या पेटीत, जांभळ्या दिव्याखाली
बिब्बा पट्ट्यापट्ट्यांनी उभा राहिला,
इथं दाट, तिथं पुसट, मध्ये रिकामी जागा.
याला आमच्यात फिंगरप्रिंट म्हणतात.
मेळघाटचा आणा, गडचिरोलीचा आणा,
यापुढे याच्याशी ताडायचा: हाच का तो.
मी फोटो काढला. आईला पाठवला.
तिनं विचारलं, हे काय, साडीचा काठ?

संमतीपत्र राहिलं होतं म्हणून पुन्हा गेले.
नमुना देणाऱ्याची सही किंवा अंगठा.
पंचफुलानं अंगठा पॅडवर टेकवला, मग कागदावर,
नीट, न हलवता, सवय असल्यासारखा.
उचलला तर निळा गोळा. एक रेघ नाही.
दुसरा अंगठा. मग तर्जनी.
गोळा, गोळा.
"आमचा कोनाचाच नाई उठत," पलीकडची म्हणाली.
"रेशनची मशीन बी म्हन्ते, कोनी नाई इथं.
पोरीचा लावतो मंग."
दगड चालूच होते.

मी फॉर्म उलटसुलट केला, उगाच.
तेव्हा पंचफुलानं सुई मागितली,
एक बिब्बा टोचला, बुडालेल्यातला,
आणि कागदाच्या कोपऱ्यात काढले
दोन ठिपके, खाली आडवी रेघ.
"परटीन घालते तशी.
धुतली तरी जात नाई."

फाइल आता सरांकडे आहे.
काल उघडली तर ती खूण
खालच्या तीन पानांवर उतरलेली,
राखेच्या तक्त्यावर, तेलाच्या तक्त्यावर,
आणि फिकी, तपकिरी, प्लेटच्या फोटोच्या कडेला.
सर म्हणाले, पानं बदलून टाका.
मी म्हटलं, हो सर.
कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे.